अंगणातली शाळा

शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? घंटा, फळा, हजेरीपट आणि पाढे म्हणणारा वर्ग. आपल्या शाळेच्या आठवणी बहुधा पहिलीपासून सुरू होतात. त्याआधीची दोन-तीन वर्षे जणू आपण कुठे शिकतच नव्हतो! महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर पूर्वीच्या शाळेचे नाव विचारतात, तिथे 'अंगणवाडी' असे आजवर कुणी लिहिले नसेल. खेड्यात तर अंगणवाडीला 'खिचडीची शाळा' असेच नाव पडले आहे. लेकरे येतात, खातात, वजन करून घेतात, लस टोचून घेतात आणि घरी जातात. तिथे शिकण्यासारखे ते काय असणार, अशी सर्वांची समजूत.

माझी समजूत वेगळी आहे, आणि त्याला कारण माझी आई. साखऱ्याला, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, ती अंगणवाडीत मदतनीस आहे. शिक्षण चौथीपर्यंत. तिचे काम झाडलोट करणे, पाणी भरणे, खिचडी शिजवणे आणि घरोघर जाऊन मुलांना बोलावून आणणे. शिकवायचे काम सेविकाबाईंचे. परंतु बाईंच्या मागे वह्या भरण्याचे आणि आता मोबाईलवर माहिती भरण्याचे काम एवढे असते, की चुलीवर आधण चढवून आई मुलांत येऊन बसते आणि तिथून गाण्यांना सुरुवात होते.

ही गाणी कुठल्या पुस्तकातली नाहीत. जात्यावर बसून माझ्या आजीने म्हटलेल्या ओव्या आईला पाठ आहेत. आता घरोघर पिठाची गिरणी आली, जाती अंगणाच्या कोपऱ्यात पालथी पडली. पण अंगणवाडीत ती रोज फिरतात. दोन-दोन मुले समोरासमोर पाय पसरून बसतात, एकमेकांचे हात धरून गोल फिरतात आणि आई ओवी म्हणते. आजीच्या ओवीत जिथे भावाचे नाव असे, तिथे आई त्या त्या लेकराचे नाव घालते. ज्याचे नाव येते ते लेकरू असे काही फुलते की पाहत राहावे! कुणाच्या तरी गाण्यात आपले नाव आहे, यापेक्षा मोठा सन्मान तीन वर्षांच्या माणसाला दुसरा कोणता असेल? वाशीमकडून लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या बायकांनी भुलाबाईची गाणी आणली आहेत. तीही भाद्रपद-आश्विनात ऐकू येतात. मोजायला हळकुंडे आणि चिंचोके, रंग ओळखायला पळस आणि झेंडू.

आणि गोष्टी! सर्वांत लाडकी गोष्ट औंढ्याच्या देवळाची. नामदेव महाराजांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आमच्याच जिल्ह्यातले आणि औंढा नागनाथही आमच्याच जिल्ह्यातले. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी सांगितले, इथे उभे राहू नकोस, मागे जा. नामदेव मागे गेले आणि तिथे गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मुले ही गोष्ट नुसती ऐकत नाहीत, ती करतात. पाच-सहा जण हात धरून देऊळ होतात, एक जण नामदेव होतो आणि देऊळ फिरताना सगळे धपाधप पडतात. रोज पडतात, रोज हसतात. शिंपी कुळातल्या ज्या नामदेवाला मागे उभे केले गेले, त्याची ६१ पदे पुढे पंजाबात शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. देऊळ फिरले हे मात्र मला अंगणवाडीपासूनच ठाऊक होते.

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागे कुणाचे आयुष्य आहे, हे मनातही येत नाही. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या विदुषीने भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्या काळी बालशिक्षण म्हणजे शहरातल्या सुखवस्तू घरांची गोष्ट होती, कारण माँटेसरी पद्धतीची साधने महाग. ताराबाईंना हे खटकले. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आणि बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. महाग साधनांच्या जागी त्यांनी पाने, बिया, शिंपले, खडे घेतले. मुले बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या वस्तीवर, त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! जी मुले गुरे राखायला जात त्यांच्यासाठी शाळाही कुरणात गेली. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आज गावोगावी असलेल्या अंगणवाड्या त्या योजनेच्या. अनुताई १९९२ पर्यंत हे काम करीत राहिल्या. या दोघींचे सारे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे सांगता येईल : मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे.

हे 'जाणे' केवळ पायांनी होत नाही, भाषेनेही व्हावे लागते. आमच्या अंगणवाडीत शेजारच्या तांड्यावरचा एक मुलगा येऊ लागला. दोन महिने तो एक शब्द बोलला नाही. तहान लागली तरी माठाकडे नुसता पाहायचा. कुणी म्हणाले मुका असेल, कुणी म्हणाले मंद असेल. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात आणि आमच्याकडे सगळा कारभार मराठीत, एवढेच त्याचे मुकेपण होते. श्रावणात तांड्यावर तीजेचा सण असतो. मुली टोपल्यांत गहू पेरतात, त्यांना पाणी घालताना गाणी म्हणतात. आईने त्या मुलाच्या थोरल्या बहिणीला बोलावून आणले आणि एक टोपली अंगणवाडीतच पेरली. बहीण गाऊ लागली तसा हा पठ्ठ्या उठला आणि मोठमोठ्याने तिच्याबरोबर गाऊ लागला! त्या दिवशी त्याने बाकीच्या मुलांना शिकवले की आईला 'याडी' म्हणतात. दिवसभर सगळी पोरे आपापल्या आयांना 'याडी' म्हणून हाका मारीत गावभर फिरली. दुसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितले. मराठीत मागितले.

हे सगळे लिहिताना मला जे सांगायचे आहे ते पुढेच आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या रस्त्यावर सकाळी पिवळी गाडी येऊ लागली आहे. ती मुलांना इंग्रजी नर्सरीत घेऊन जाते. अंगणवाडीच्या पटावरची नावे तशीच असली, तरी सतरंजीवर जागा रिकामी दिसू लागली आहे. आणि यंदा माझ्या दादाने आपली साडेतीन वर्षांची मुलगी, माझी भाची, त्या गाडीत बसवली. आई शिकवते त्या अंगणवाडीतून आईचीच नात गेली! घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही.

दादाचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे मांडते, कारण ते खोटे नाही. तो म्हणाला, "दवाखान्यात गेलो तर चिठ्ठी इंग्रजीत. बियाच्या पिशवीवर इंग्रजी. सही कर म्हनले की मी करतो, काय लिवलंय ते कळत न्हाई. तुमच्या गाण्यानं कागद वाचता येत न्हाई, आई." आईने उत्तर दिले नाही. संध्याकाळी भाकरी थापताना ती एवढेच म्हणाली, "लेकराचं तोंड आधी उघडू द्यावं. मंग त्यात काय घालायचं ते घालावं."

मी दोघांच्या मधे बसले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीच्या पेपरला मी किती रात्री जागते हे दादाला ठाऊक आहे, म्हणूनच तो मुलीला त्या गाडीत बसवतो आहे. इंग्रजी नको असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे? पण भाचीकडे पाहिले की मनात कालवाकालव होते. ती आता घरी येऊन कधी न पाहिलेल्या बर्फाचे गाणे म्हणते. चाल सुरेख असते, शब्द नुसते घरंगळत जातात. त्यात तिचे नाव कुठेच नसते.

या विचारात असतानाच इतिहासाच्या तासाला रॉबर्ट ओवेनचे नाव आले. पाठ्यपुस्तकात तो 'स्वप्नाळू समाजवादी' म्हणून दोन ओळींत संपतो. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथे त्याची कापसाची सूतगिरणी होती आणि १८१६ साली त्याने तिथे कामगारांच्या अगदी लहान मुलांसाठी शाळा उघडली. ब्रिटनमधल्या पहिल्या शिशुशाळांपैकी ती एक. तिथे शिकवायला त्याने कुणी पंडित नेमला नाही. जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर, ज्याला स्वतःलाच लिहिता-वाचता जेमतेम येई, आणि मॉली यंग नावाची सतरा वर्षांची मुलगी, हे दोघे तिथले शिक्षक. ओवेनची त्यांना पहिली ताकीद अशी की मुलांना कधी मारायचे नाही आणि धमकावायचेही नाही. लहानग्यांना पुस्तकांनी बेजार न करता गाणी, नाच आणि भोवतालच्या वस्तू यांतून शिकवावे, हा त्याचा आग्रह. हे वाचताना मला चौथी शिकलेली माझी आई आठवली, यात नवल नाही.

त्याच स्कॉटलंडची आणखी एक हकिगत आपण लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे इंग्रजीखेरीज स्कॉट्स आणि गेलिक या आपल्या भाषा आहेत. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला स्थान नव्हते. शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांनी मार खाल्ला. स्कॉट्सलाही गावंढळ ठरवले गेले. आज तिथे गेलिक माध्यमाच्या बालशाळा आहेत, आणि २५ जानेवारीला, शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिनाच्या सुमारास, अनेक बालशाळांतून चिमुकली मुले स्कॉट्स गाणी, नाच आणि गोष्टी यांचा उत्सव करतात. ज्यांच्या दाराशी इंग्रजी नांदते, जे ती जन्मभर बोलतात, त्यांनाही वाटले की लेकरांना आधी आपले गाणे यावे. मग आपणच आपल्या ओव्या इतक्या घाईने का टाकतो आहोत?

दादाची भीती खरी आहे आणि आईचे म्हणणेही खरे आहे, असे मला वाटते. कागद वाचता आलाच पाहिजे. पण तांड्यावरच्या मुलाने आधी आपले गाणे म्हटले आणि मग मराठीत पाणी मागितले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारी वाटही तशीच असली पाहिजे. आपल्यासारखी पुष्कळ मुले पिढ्यान् पिढ्या देवळाच्या मागे उभी राहिली. आता शाळेचे दार उघडले आहे, पण आत येताना जीभ बाहेर ठेवून या, असे जर सांगितले जात असेल, तर देऊळ अजून फिरायचे आहे.

आपण काय करू शकतो? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. पुढच्या शिबिरात प्रत्येकाने आपल्या आजीच्या, मावशीच्या, तांड्यावरच्या याडीच्या पाच ओव्या, पाच गोष्टी लिहून आणाव्यात आणि त्यांची वही जवळच्या अंगणवाडीला द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे. खर्च काही नाही, एक दोनशे पानी वही पुरेल. मी सुरुवात केली आहे. आईच्या एकेचाळीस ओव्या उतरवून झाल्या. त्यांत नावाची जागा मी कोरी ठेवली आहे, ज्या गावात वही जाईल तिथल्या लेकरांसाठी.