आजींच्या पोरसीचं गणित



"मी गणितात ढ आहे" असं सहावीतली मुलगी सहज बोलून जाते, पण ते एकदा मनात बसलं की पुढे निघता निघत नाही. माझी लेक असं म्हणायला लागली, तेव्हा क्लास शोधण्याआधी मी तिच्याकडे घरातलं एक काम दिलं: आजींच्या पोरसीची वेळ काढायची.

पोरसी म्हणजे सूर्योदयापासूनचा पहिला प्रहर, दिनमानाचा चौथा भाग. पंचांगात ती छापलेली असते. मी तिला फक्त सूर्योदय आणि सूर्यास्त सांगितला. जानेवारीचे दिवस होते: सूर्योदय ७:०७, सूर्यास्त ६:११. दिनमान ११ तास ४ मिनिटं, हे तिनं बरोबर काढलं. मग ११.०४ लिहून ४ ने भागलं आणि उत्तर आणलं २.७६.

मी चूक दाखवली नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे २ तास ७६ मिनिटं का गं?"

ती थबकली. "मम्मी, तासात तर साठच मिनिटं असतात!" मग तिनंच सगळ्याची मिनिटं केली. ६६४ भागिले ४, म्हणजे १६६. म्हणजे २ तास ४६ मिनिटं. पोरसी ९:५३ ला. पंचांगाशी ताडून पाहिलं, जुळलं. आजींनी त्या दिवशी नातीला विचारूनच पच्चक्खाण पारलं. आपल्या हिशोबावर आजींचं व्रत अवलंबून आहे म्हटल्यावर तिनं पुढे रोज दोनदा पडताळा घेतला.

मे महिन्यात ती आपणहून प्रश्न घेऊन आली. दिनमान १३ तास, प्रहर मोठा, ३ तास १५ मिनिटांचा, तरी पोरसी ९:१६ ला, म्हणजे जानेवारीपेक्षा लवकर कशी? उत्तरही तिनंच शोधलं: सूर्य तासाभराहून अधिक लवकर, ६:०१ लाच उगवतो. हा प्रश्न कुठल्या पुस्तकानं तिला घातला नव्हता.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आपल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे, आणि गणित कुठे कुठे लागतं ते सांगताना त्यांनी स्वयंपाकही मोजला आहे. तेव्हा आपलं स्वयंपाकघर काही कमी पाठशाळा नाही.

लहान मुलं असतील तर २४ तीर्थंकरांसाठी तांदळाच्या २४ ढिगल्या समान ओळींत मांडायला सांगा. किती प्रकारे जमतात? २३ का जमत नाहीत? मोठ्यांना पोरसी द्या. उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका, आणि बरोबर आलं तरी "कसं काढलंस?" हे विचाराच. बोलून दाखवताना मुलं आपली चूक आपणच पकडतात.

उद्या सकाळी पंचांगातली पोरसीची वेळ बोटानं झाकून ठेवा आणि मुलांना हाक मारा.