ताटाचा हिशेब

कळंबोलीत राहून दर महिन्याचा बाजार करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. इथं भुकेलं राहणं कठीण आहे, पण नीट जेवणं त्याहून कठीण आहे. सायन-पनवेल रस्ता, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं तोंड, लोखंड-पोलाद बाजार, पलीकडे तळोज्याची एमआयडीसी, यांमुळे हाताला काम मिळतं आणि काम करणाऱ्याला दहा पावलांवर खायलाही मिळतं: वडापाव, भजी, चहा-खारी, भुर्जी-पाव, चायनीजची गाडी. थोडक्या पैशांत पोट गच्च होतं. कमी उत्पन्नात पौष्टिक खाता येतं का, असा प्रश्न निघाला की ‘येतं की, फक्त थोडी अक्कल हवी’ हे उत्तर ठरलेलं असतं. स्वतःचं स्वयंपाकघर चालवताना आणि आसपासच्या घरांचे हिशेब ऐकताना मला हे उत्तर दिवसेंदिवस जास्त चुकीचं वाटू लागलं आहे. या घरांतल्या बायकांना कुठल्या दुकानात मटकी दोन रुपयांनी स्वस्त आहे हे तोंडपाठ असतं. कमी पडतो तो पैसा आणि वेळ. आणि सरकारी मदत येते ती नेमकी ताटातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूसाठी. हे मी आकड्यांनिशी मांडते, कारण आकड्यांशिवाय हा वाद ‘आमच्या वेळी’ आणि ‘हल्लीची पिढी’ याच्या पुढं सरकत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एका माणसाचं दिवसाचं २,००० उष्मांकांचं ताट दिलं आहे: २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम फळ, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम शेंगदाण्यासारख्या तेलबिया, २७ ग्रॅम तेल. यात चैनीचं काही नाही. आता चार माणसांचा महिना धरू. भाव रोज हलतात, म्हणून गोल आणि कमीच धरते. धान्य तीस किलो लागेल. वीस किलो रेशनवर फुकट मिळालं तर उरलेल्या दहा किलोचे चाळीसच्या भावानं ४०० रुपये. डाळी-कडधान्यं सव्वादहा किलो, तूर-मूग-मटकी-हरभरा मिसळून सरासरी ११० रुपये, म्हणजे ११०० च्या वर. दूध छत्तीस लिटर, दोन हजार. भाजी अठ्ठेचाळीस किलो, पन्नासच्या भावानं २४००. फळं बारा किलो, सगळी केळीच घेतली तरी ७२०. शेंगदाणे सव्वाचार किलो, ६०० च्या जवळ. तेल सव्वातीन किलो, साडेचारशे. बेरीज साधारण ७,७०० रुपये होते. यात चहा-साखर, मीठ-मसाला आणि गॅस धरलेला नाही. या बेरजेतले पाच हजारांहून जास्त, म्हणजे दोन तृतीयांश, फक्त भाजी, फळं आणि दुधाचे आहेत.

माणशी हा खर्च सव्वाएकोणीसशे रुपये पडतो. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,६५७ रुपये निघाला. सरासरीकडे पाहिलं तर ताट परवडतं. पण त्याच पाहणीत देशातल्या शहरांतल्या सगळ्यात गरीब पाच टक्क्यांचा माणशी एकूण खर्च २,००१ रुपये होता. त्यांच्या वरच्या पाच टक्क्यांचा २,६०७ आणि त्यानंतरच्या दहा टक्क्यांचा ३,१५७. ते आकडे काही वर्षं मागचे आहेत आणि माझे भाव आजच्या जवळचे, हे खरं. तरी खरी कोंडी इथंच दिसते: तळच्या घरानं हे ताट वाढायचं ठरवलं तर भाडं, वीज, शाळा, दवाखाना, रिक्षा यांना जवळजवळ काहीच उरत नाही, आणि त्याच्या वरच्या घराला निम्म्याहून जास्त पैसा फक्त जेवणावर घालावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२ साली भारतातल्या ५५.६ टक्के लोकांना आरोग्यदायी आहार परवडत नव्हता. आदल्या अहवालात २०२१ साठी हा आकडा ७४.१ होता, मोजण्याची रीत बदलल्यामुळे तो खाली आला. रीत कुठलीही घ्या, निम्म्याच्या खाली तो या दोन्ही वेळी गेला नाही.

हे मापच फार वरचं आहे, असा आक्षेप कुणी घेईल, आणि त्यामागं महाराष्ट्रातलीच मोठी परंपरा आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्यातून भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला तेव्हा रोजचे २,२५० उष्मांक हे माप धरून १९६०-६१ च्या भावांनुसार ग्रामीण भागात माणशी महिना पंधरा आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा काढली होती. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पुढं अशा मापांवर हरकत घेतली: माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, एकच सरासरी सगळ्यांच्या माथी मारू नका. हरकत वजनदार आहे. पण ती प्रामुख्यानं उष्मांकांची, म्हणजे धान्याची होती, आणि धान्याचा प्रश्न आज तुलनेनं सुटलेला आहे. शिवाय सरासरी दोन्ही बाजूंनी चुकते. २,००० उष्मांकांचं ताट पोलाद बाजारात लोखंडाची चढ-उतार करणाऱ्या माथाडी कामगाराला पुरतच नाही; जड काम करणाऱ्या पुरुषासाठी, ही पोषण संस्था जिच्या अखत्यारीत आहे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनंच (आयसीएमआर) ३,४७० उष्मांकांची गरज सांगितली आहे. तो जादाचे हजार-दीड हजार उष्मांक कुठून आणणार? भात, पाव, तेल आणि साखरेतून, कारण रुपयाला सगळ्यात जास्त उष्मांक तिथंच मिळतात.

रेशनचा मुद्दा जरा सविस्तर पाहायला हवा, कारण सगळी आशा तिथं टांगलेली असते. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. मी याला क्षुल्लक म्हणणार नाही. वरच्या हिशेबात त्यानं आठशे रुपये वाचवले आहेत. पण तेवढेच वाचवले आहेत, साडेआठ हजारांतले आठशे. डाळ, तेल, भाजी, दूध, अंडं हा सगळा डोंगर घरावरच राहतो. आणि कार्ड कुणाला? महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा लागू झाला तेव्हा शहरी भागात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा ठरली. म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. एवढ्या उत्पन्नावर कळंबोलीत एका खोलीचं भाडं देऊन कुटुंब जगूच शकत नाही. महिना पंधरा हजार कमावणारा वॉचमन किंवा गोदामातला हमाल नियमानं ‘गरीब’ ठरत नाही. त्यातून ज्यांचं कार्ड गावाकडे, बीड-लातूर-सोलापुरात किंवा उत्तर प्रदेशात आहे, ते ‘एक देश एक रेशनकार्ड’ झाल्यामुळे इथं धान्य उचलू शकतात खरे, पण मग गावाकडच्या आईवडिलांच्या वाट्याचं काय, हा प्रश्न घरातल्या घरात उभा राहतो. आणि चौघं-पाचजण मिळून खोली घेऊन राहणाऱ्या, खानावळीच्या डब्यावर जगणाऱ्या ड्रायव्हर-क्लीनरना कच्च्या गव्हाचा उपयोगच नाही.

‘स्वस्त आणि पौष्टिक’ची यादी मलाही पाठ आहे, आणि ती खोटी नाही. मोड आलेली मटकी, फुटाणे, शेंगदाणे, नाचणी, शेवग्याचा पाला, सुका जवळा, अंडी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुधाचा काही भाग तिच्यावर भागवता येतो. भाजीत हंगामाची पालेभाजी घेतली, दूध निम्मं केलं तर माझा हिशेब हजार-बाराशेनं खाली येतो. ही काटकसर घराघरांत चालूच आहे. याच भागातल्या आगरी-कोळी घरांना एके काळी ती करावीही लागत नव्हती: खाचरातला भात, बांधावरचे वाल, खाडीतली चिंबोरी, कोळंबी, निवट्या. हे अन्न बाजारातून येत नव्हतं, म्हणून त्याला भाव नव्हता. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, जमिनी संपादित झाल्या, खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला, जानेवारी १९८४ च्या गोळीबारात माणसं गेली, आणि पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. त्या सगळ्या हिशेबात जमिनीची किंमत लागली. ताटातून गेलेल्या वालाची आणि निवट्यांची किंमत कुणी लावली नाही. आज तीच चिंबोरी विकत घ्यायची तर ती श्रीमंताच्या ताटातली वस्तू आहे. ‘आपले पूर्वज काय खात होते ते खा’ असं सांगणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. ज्वारीची भाकरी गरिबाची, ही म्हणण्याची सवय राहिली आहे. शहरात आज चांगली ज्वारी गव्हाहून महाग पडते, आणि रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच असतात.

आणि वेळ. मटकीला मोड आणायला पैसा लागत नाही, पण दोन दिवस आधी आठवण, पाणी, फडकं आणि मांडायला जागा लागते. पालेभाजी निवडायला अर्धा तास. कडधान्य शिजवायला गॅस, आणि सिलिंडर २०२५ मध्येच साडेआठशेच्या घरात होता. सिडकोच्या एका खोलीच्या घरात ओटा म्हणजे तीन फूट कडप्पा, फ्रिज नाही, म्हणून पालेभाजी स्वस्त असताना जास्तीची घेऊन ठेवता येत नाही. घरकामाला सकाळी सात वाजता बाहेर पडून चार घरं आटोपून येणारी बाई संध्याकाळी दुसऱ्यांदा ओट्यापाशी उभी राहते ती थकलेल्या पायांवर. तिनं पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला तर मला त्यात अज्ञान दिसत नाही. घाऊक घेतलं की स्वस्त पडतं हेही तिला ठाऊक आहे, पण पाच किलो डाळीचे पैसे एकदम हातात कधी येतात? पाव किलोनं घेणारा तीच डाळ नेहमी महाग घेतो.

सगळ्यात कडवा आक्षेप असा: पैसे वडापाव, कोल्ड्रिंक, गुटख्यावर जातात, मग डाळीला कुठून उरणार? आधी सांगितलेल्या घरगुती खर्च पाहणीत शहरी घरांचा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांवरचा खर्च एकूण खर्चाच्या १०.६४ टक्के निघाला, अन्नातला सर्वांत मोठा वाटा. पण ही सगळ्या शहरी भारताची सरासरी आहे. त्यात हॉटेलात जाणारे आपणही आलो. पान-तंबाखू-दारूचा वाटा २.४३ टक्के. तंबाखू सुटावी यात दुमत नाही, ती माणसं मारते. तरी तेवढ्या बचतीतून रोजची ४०० ग्रॅम भाजी येत नाही. आणि वडापाव हा नेहमी हौसेचा नसतो. दुपारी ट्रकच्या सावलीत बसलेल्या माणसाला हातात धरून खाता येईल, लगेच मिळेल आणि संध्याकाळपर्यंत टिकेल असं दुसरं काय आहे? एक पर्याय निघाला होता: २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी. दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरात उरलेले चाळीस सरकारनं केंद्रचालकाला द्यायचे असं ठरलं. पन्नास रुपयांत शिजलेलं, वरण-भाजीसकटचं जेवण देता येतं हे त्या थाळीनं दाखवलं. अशी केंद्रं कामाच्या जागी भरपूर असती तर वडापावला निकोप स्पर्धा मिळाली असती.

या सगळ्याचा परिणाम रक्तात उतरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ५३.८ वरून ६८.९. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. आणि त्याच पाहणीत २३.४ टक्के स्त्रिया वजनानं प्रमाणापेक्षा जास्त. एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, वजन जास्त आणि हिमोग्लोबिन कमी. रक्तक्षयाला जंत, पाळी, बाळंतपणं अशी इतरही कारणं असतात, पण धान्य आणि तेलानं भरलेलं पोट, भाजी-डाळीविना, असंच शरीर घडवतं.

करता येण्यासारखं काही आहे का? तमिळनाडूत रेशनवर तूरडाळ तीस रुपये किलोनं मिळते, पामतेल पंचवीस रुपये लिटरनं, आणि शाळेच्या जेवणात रोज अंडं असतं. केंद्रानं जुलै २०२३ मध्ये ‘भारत’ चणाडाळ साठ रुपये किलोनं विकायला काढली, म्हणजे स्वस्त डाळ सरकारला अशक्य नाही. आपल्याकडे ‘आनंदाचा शिधा’ आला तो सणापुरता, शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल. एवढा पैसा आणणार कुठून, असं विचारलं जातं. भाजीत तर पैसा आधीच खर्च होतो आहे, फक्त मधल्या मधे: रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले शेतकऱ्याला टोमॅटोत ३३, कांद्यात ३६, बटाट्यात ३७ पैसे मिळतात. वाशीचा घाऊक बाजार कळंबोलीपासून तासाभराच्याही आत आहे, आणि तरी इथल्या टपरीवर तोच टोमॅटो किती वाढलेला असतो! वॉर्डात एक-दोन थेट विक्रीचे ओटे, पनवेल महापालिकेच्या हद्दीत ठरलेल्या दिवशी शेतकऱ्यांचा बाजार, शिधापत्रिकेवर माणशी किलोभर डाळ: यातलं काहीच नवं शोधायचं नाही.

अंड्याचं मात्र उलटं घडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं, सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून द्यावं असं शाळांना कळवलं. ज्या वस्तीत मुलांच्या आया रात्री नऊनंतर भाजीवाल्याकडे जातात, कारण तेव्हा उरलेली कोथिंबीर, वांगी, पालक दहा-दहा रुपयांचे वाटे करून मांडलेली असतात, त्या वस्तीतल्या शाळेनं वर्गणी कुणाकडे मागायची?