चाक मोजतं तेवढं

सायकलच्या हँडलवरचा माझा मीटर काडेपेटीएवढा आहे. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लोहचुंबक, चिमट्याला सेन्सर, दोघांमध्ये दोन-चार मिलिमीटरची फट आणि ब्रेकच्या केबलला वेढे देत वर नेलेली बारीक वायर. चुंबक समोरून गेला की सेन्सरमधल्या काचेच्या नळीतल्या दोन पात्या क्षणभर चिकटतात आणि एक फेरा जमा होतो. त्याला येतं ते एवढंच. वेग, अंतर, सरासरी ही पुढची सगळी विद्वत्ता त्या एका फेऱ्यावर उभी.

म्हणून चाकाचा परीघ त्याला आधी सांगावा लागतो, तोही मिलिमीटरमध्ये. सोबतच्या तक्त्यात ७०० बाय २५ च्या टायरपुढे २१०५ असतं, ७०० बाय ३२ पुढे २१५५. मला तक्त्यापेक्षा फरशी बरी वाटते. टायरला खडूची खूण करावी, हवा नेहमीइतकी भरावी, आणि कुणाला तरी सायकल धरायला लावून स्वतः सीटवर बसावं, कारण वजनाने टायर दबतो. मग चाक नेमका एक फेरा पुढे न्यायचं आणि टेप लावायची. २५ च्या टायरला ३२ चा आकडा दिला, तर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ अडीच किलोमीटर फुकट पदरात पडतात. मिरवायला ते चालतात, पायांना मात्र कळत नाहीत.

ही मोजण्याची हौस जुनीच. कर्टिस व्हीडर यांनी अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये १८९५ साली सायक्लोमीटरचा कारखाना काढला. स्पोकवरची खुंटी दर फेऱ्याला एका दातेरी चक्रीला टिचकी मारायची, की झालं काम; सेलबिल काही नाही. पुढे त्याच घराण्यातले काउंटर पेट्रोलपंपांवर बसले. सायकलवाल्यांसाठी निघालेला कारखाना मोटारवाल्यांच्या पेट्रोलचा हिशेब ठेवू लागला, याची मला अजून गंमत वाटते.

मीटरवरच्या आकड्यांत सरासरी सगळ्यांत लाडकी आणि सगळ्यांत चकवणारी. समजा सिंहगडाचा घाट ताशी ८ ने चढलात आणि त्याच रस्त्याने २४ ने उतरलात. तोंडी हिशेब १६ सांगतो. मीटर १२ दाखवतो. बरोबर मीटरच आहे, कारण चढायला उतरण्याच्या तिप्पट वेळ गेलेला असतो. आता उतारावर जिवावर उदार होऊन ४८ गाठा. सरासरी १४ लाही पोचत नाही. त्याऐवजी चढावर ८ चे फक्त १० करा, उतार तोच २४ चा ठेवा, की १४ ओलांडलेच. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब बोरघाट चढणाऱ्याला देतात, उतरणाऱ्याला नाही. त्यामागे हे गणित नसेलही, पण न्याय तोच आहे.

मीटरला वारा कळत नाही. खडकवासल्याकडे जाताना समोरून वारा असला की तेच पाय, तोच घाम, आणि आकडा बापुडवाणा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वाऱ्याशी आणखी दोन किलोमीटरसाठी भांडणं भलतंच महाग पडतं. एका सकाळचा आकडा दुसऱ्या सकाळशी लावून पाहूच नये. तोच रस्ता, तीच वेळ, आणि मध्ये निदान महिना गेलेला. मग तुलनेला काही अर्थ.

मोबाइल याहून पुष्कळ जास्त सांगतो: नकाशा, चढाची उंची, शिवाय कोण आपल्यापुढे गेलं तेही. हे शेवटचं मला नको असतं. आणि कात्रजच्या बोगद्यात उपग्रह हरवतो, चुंबक मोजत राहतो.

तेव्हा नवी सायकल घेणाऱ्याने पहिलं वर्ष हा साधा मीटरच लावावा. सरासरीकडे कमी बघावं, एकूण अंतराकडे जास्त. तो आकडा वाऱ्याने कमी होत नाही. मात्र सेल बदलण्याआधी तो वहीत उतरवून ठेवा. सेल काढला की बरेचसे स्वस्त मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतात.