ऊन पाण्याचा हिशेब

बंबांत लाकडें व गोंवऱ्या घालून पाणी तापविणाऱ्या गृहस्थास खर्च डोळ्यांनीं दिसत असे. सरपण सरलें म्हणजे बंबही आपोआप निवे. विजेच्या गीझरास हा विवेक नाहीं. तो भिंतीवर बसून मुकाट्यानें खातो, आणि महिन्याचें बिल आलें म्हणजे घरांत आरोपीचा शोध सुरू होतो.

आमच्या शीवेच्या घरीं हा आरोप मातोश्रींनीं आपल्याच माथीं घेतला व ऐन पौषांत, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, थंड पाण्यानें स्नान आरंभिलें. विनवण्या व्यर्थ गेल्या. तेव्हां आम्हीं आंकड्यांनींच त्यांची समजूत घालावयाचें ठरविलें.

शीव म्हणजे हद्द. विजेच्या बाबतींतही तें खरें, कारण 'बेस्ट'ची वीज उत्तरेस शीव-माहीमपर्यंतच येते. जिन्याखालच्या मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो. तो ३२०० वेळां लुकलुकला म्हणजे एक युनिट झालें, असें त्यावर छापलेलें आहे. घरांतील इतर सर्व उपकरणें बंद करून एकटा गीझर चालू ठेवला, तों दिवा मिनिटास १०४ वेळां लुकलुकला, म्हणजे ताशीं १.९५ युनिट. गीझरच्या पाटीवर २००० वॅट लिहिलें आहे. पाटी बहुतेक खरें बोलते म्हणावयाची.

आतां बादलीचें. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिटांत अशा ८६० किलोकॅलरी असतात. नळाचें २५ अंशांचें पाणी ४० अंशांवर नेण्यास १५ लिटरांच्या बादलीमागें २२५ किलोकॅलरी, म्हणजे सुमारें पाव युनिट लागतें. गीझर कोणत्याही कंपनीचा असो, हा खर्च टळत नाहीं. आणि वृद्धांच्या बाबतींत तो टाळूंही नये.

खरी मौज पुढेंच आहे. एका रविवारीं सर्वांचीं स्नानें उरकल्यावर, टाकी पुरती तापलेली असतां, आम्हीं गीझरचें बटण चालूच ठेवलें व ऊन पाण्याच्या नळास कोणासही हात लावूं दिला नाहीं. दुपारीं बारापासून रात्रीं आठपर्यंत मुलांनीं पाळीपाळीनें घड्याळ घेऊन गीझरचा दिवा केव्हां लागतो व केव्हां विझतो हें टिपलें. (इतकी शिस्त त्यांनीं अभ्यासांत कधीं दाखविली नव्हती.) आठ तासांत दिवा एकंदर आठ मिनिटें जळला. टाकींतून बाहेर झिरपणारी ऊब भरून काढण्यापुरताच तो जळत होता. चोवीस तासांचें हें पाऊण युनिट होतें, म्हणजे कोणीं न केलेलीं तीन स्नानें! आणि आमच्याकडे बटण तर दिवसरात्र चालूच असे.

मातोश्रींनीं हिशेब शांतपणें ऐकला. "म्हणजे युनिटाचा रुपया धरला, तर माझी बादली चार आण्यांची, आणि या रिकामटेकड्या दिव्याचे बारा आणे?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं ऊन पाण्याची बादली भरून घेतली, व न्हाणीघराचें दार लावण्यापूर्वीं बटण स्वतःच्या हातानें बंद केलें.