चौदा मायक्रॉन आणि अडकलेलं बिल

पोस्ट मोठी आहे आणि तांत्रिकही आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी एमआयडीसीत काम करतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं वायरकटचं छोटं युनिट आहे. एक मशीन, दोन ऑपरेटर आणि डोक्यावर बँकेचं कर्ज. एप्रिलमध्ये त्याने एका मोठ्या कंपनीला प्रेस टूलचे आठ पंच करून दिले. लांबी १०० मिलिमीटर, रुंदी २०, टॉलरन्स अधिक-उणे १० मायक्रॉन. माल दिल्यानंतर ३८व्या दिवशी फोन आला, "साइज आउट आहे, सगळा लॉट रिजेक्ट." मग डेबिट नोट आली. वर, ज्या जॉबबद्दल तक्रारच नव्हती त्यांचंही बिल थांबलं.

हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे भांडण केसाच्या पाचव्या हिश्शावरून होतं, पण त्यात एका माणसाचा दोन महिन्यांचा धंदा अडकला होता.

वायरकटमध्ये पात्याने काही कापलं जात नाही. साधारण पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार आणि लोखंड यांच्यात विजेच्या बारीक ठिणग्या पडतात आणि धातू कणाकणाने उडतो. भोवती डीआय वॉटर खेळत असतं. तार जॉबला टेकतच नाही, मध्ये ठिणगीची फट राहते. म्हणून तारेची निम्मी जाडी आणि ही फट मिळून जो ऑफसेट होतो, तो प्रोग्रॅममध्ये द्यावा लागतो. तो चुकला की साइज चुकते.

रिजेक्शन आलं की पहिलं बोट मशीनकडे जातं. "तुझं मशीन गेलं, गाईड बदल." मित्रही सर्व्हिस इंजिनिअरला बोलावणार होता. त्या व्हिजिटचा खर्च वेगळाच. पण त्याच्याकडे एक जुना ऑपरेटर आहे, आयटीआय झालेला. तो म्हणाला, "शेठ, आधी चूक कशी आहे ते तर बघू."

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला सहा ककार शिकवले होते : कोण, काय, कुठे, कधी, का, कसे. या माणसाने तेच केलं.

चूक कुठे? जॉब वर, मध्ये आणि खाली मोजला. वर-खाली फरक असता तर तार सरळ उभी नाही, असं धरलं असतं. फक्त मधला भाग वेगळा असता तर तारेचा ताण किंवा पाण्याचं फ्लशिंग बघितलं असतं. तसं काही नव्हतं. जॉब वाकडा झालेला नव्हता, म्हणजे हार्डनिंगनंतर राहिलेला ताण कापताना मोकळा झाला, असंही नव्हतं. ज्यांच्याकडे मॉलिब्डेनम तारेची मशीन आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. ती तार तीच-तीच फिरते आणि वापरून बारीक होते, त्यामुळे जॉबमागून जॉब साइज सरकत जाते. इथे पितळी तार होती, ती एकदा वापरली की संपली. तोही प्रश्न नव्हता.

चूक किती? इथे गाठ सुटली. लांबीत १४ मायक्रॉन जास्त, रुंदीत जेमतेम ३. ऑफसेट किंवा ठिणगीची फट चुकली असती तर दोन्हीकडे चूक सारखी आली असती. इथे ती मापाच्या प्रमाणात होती. अशी चूक बहुतेक वेळा तापमानाची असते.

चूक कधी? आठपैकी पाच पंच रात्री कापलेले, ते बरोबर. दुपारी कापलेले तीनच आउट.

आता हिशोब बघा. स्टील एका अंशाला, एका मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. दुपारी शॉपमध्ये ३६ अंश होते. मशीनचे स्क्रूही ३६ अंशांवर, मायक्रोमीटरही ३६ अंशांवर. जॉब मात्र चिलरच्या पाण्यात, २४ अंशांवर. १२ अंशांचा फरक, १०० मिलिमीटर लांबी : बरोबर १४ मायक्रॉन. मशीन आणि मायक्रोमीटर दोन्ही सारखेच तापलेले, म्हणून टाकीतून काढून लगेच मोजलं तर रीडिंग शंभरच येणार. जगभर लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश आहे. कंपनीच्या वातानुकूलित लॅबमध्ये तोच जॉब मोठा निघाला.

म्हणजे ऑपरेटर खोटं बोलत नव्हता आणि लॅबही खोटं बोलत नव्हती.

मग शॉपमध्ये ३६ अंश का? एसी आहे, पण दुपारी व्होल्टेज इतकं पडतं की तो ट्रिप होतो. तक्रारींचे अर्ज फायलीत पडून आहेत.

तीन पंच मित्राने परत मागवले. माप जास्त होतं, कमी नव्हतं. जास्तीचं काढता येतं, कमी झालेलं जोडता येत नाही. ग्राइंडिंग करून ते स्वखर्चाने मापात आणून दिले. पाच पंच तर पहिल्यापासून बरोबरच होते. तरी ही पोस्ट लिहीपर्यंत पैसे आलेले नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते लिहून ठेवा. एमएसएमई विकास कायदा, २००६. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. ३८व्या दिवशीच्या फोनला हरकत म्हणत नाहीत. करारात काहीही लिहा, पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आता आयकर कायद्यातही तरतूद आहे : सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही.

एवढं सगळं असून मित्र फॅसिलिटेशन कौन्सिलकडे का जात नाही? त्याचं उत्तर एका वाक्याचं : "भाऊ, केस जिंकेन, पण पुढची ऑर्डर कोण देईल?"

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक एमआयडीसीत २० अंशांची एक सामायिक मापन-खोली हवी, जिथे दोघांपैकी कुणाचंही नसलेलं माणूस जॉब मोजेल. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, पण तालुक्याच्या कारागिराचा एका पंचासाठी अख्खा दिवस मोडतो. भूमिपूजनाच्या कोनशिला आमच्याकडे भरपूर आहेत, त्यातल्या एकीच्या खर्चात ही खोली सुरू करता येईल. आणि दुपारचं व्होल्टेज नीट द्या, बाकीचं ही पोरं बघून घेतील.

ज्यांची युनिट आहेत त्यांनी आजपासून दोन गोष्टी करा. टाकीतून काढलेला जॉब आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला येऊ द्या, मगच मोजा. आणि चलनावर माल मिळाल्याची तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. हरकतीचे १५ दिवस त्याच तारखेपासून मोजले जातात.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त कितव्या दिवशी रिजेक्शन आलं तेवढं सांगा.