आश्रित आणि पोशिंदा

बांडगूळ हा शब्द मराठीत फार सैलपणे वापरला जातो. भावाच्या घरी बसून खाणारा धाकटा भाऊ, संस्थेच्या जिवावर मोठा झालेला कार्यकर्ता, दुसऱ्याच्या विचारांवर पोसलेला लेखक, या सर्वांची बोळवण या एका शब्दाने होते. मूळ शब्दात मात्र निंदेइतकेच निरीक्षणही आहे. आंब्याच्या फांदीवर रुजलेले बांडगूळ झाडाचा रस घेते, झाड खंगवते. पण सहसा घाईने मारीत नाही. झाड वठले तर आपणही वाळणार, हा हिशेब निसर्गाने त्याच्या वाढीतच घालून ठेवलेला असतो. युरोपीय भाषांनी परजीवीसाठी जो ग्रीक शब्द घेतला त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या पानावर जेवणारा असा आहे. जेवणारा आला की यजमानही आला, आणि दोघांमध्ये काही एक मर्यादाही आली.

ही मर्यादा नाहीशी झाली म्हणजे काय घडते, याचे एक विलक्षण उदाहरण नॉर्वेच्या नद्यांनी पाहिले. मुंबईच्या बाजारात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात. पण रावसाचे आणि खऱ्या सामनाचे कूळ एक नव्हे. रावस हा समुद्राचा आणि खाड्यांचा मासा. अटलांटिक सामन जन्मतो नदीच्या थंड, खडकाळ पात्रातील वाळूगोट्यांत. तेथे काही वर्षे काढतो, मग समुद्रात जाऊन मोठा होतो आणि विणीसाठी बहुधा जन्माच्याच नदीत परततो. त्यामुळे प्रत्येक नदीचा सामन हा जवळजवळ स्वतंत्र वंश असतो. एका नदीतील वंश गेला तर शेजारच्या नदीतून मासे आणून त्याची जागा भरता येईल. तो वंश मात्र परत येणार नाही.

१९५७ साली स्वीडिश शास्त्रज्ञ माल्मबर्ग यांनी सामनाच्या अंगावर राहणाऱ्या एका चपट्या कृमीचे वर्णन केले. गायरोडॅक्टायलस सलारिस असे त्याचे नाव. लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर. शरीराच्या मागच्या टोकाला दोन मोठे आणि सोळा बारीक आकडे. या आकड्यांनी तो माशाच्या कातडीला व परांना धरून राहतो आणि त्यांवरच जगतो. तो अंडी घालीत नाही, जिवंत पिल्लाला जन्म देतो. आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच वाढत असते. बाल्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांतील सामन या कृमीच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढला होता. त्याच्या अंगावर कृमी असत, पण थोडे. मासा ते सोशीत असे. आंबा आणि बांडगूळ यांच्यातला तो जुना समझोता होता.

१९७० च्या दशकात हा समझोता माणसाने अजाणता मोडला. नॉर्वेच्या मत्स्यबीज केंद्रांसाठी स्वीडनमधून सामनाची पिल्ले आणली गेली आणि त्यांच्या अंगावरून कृमीही आले. १९७५ साली त्यांचा नॉर्वेत प्रथम सुगावा लागला. या साऱ्यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. नद्यांतील मासे वाढावेत हाच हेतू होता. परंतु अटलांटिककडे वाहणाऱ्या नद्यांतील सामनाला हा पाहुणा अनोळखी होता. एकेका पिल्लावर हजारोंच्या संख्येने कृमी माजले, कातडीवर जखमा झाल्या, जखमांतून अन्य रोग शिरले. कृमीला समुद्राचे खारे पाणी सोसत नाही. पण पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचतच नव्हती. कालांतराने सुमारे पन्नास नद्या बाधित झाल्या आणि त्यांतील सामनाच्या पिल्लांची संख्या सरासरी ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली. नद्या पूर्वीइतक्याच स्वच्छ दिसत होत्या. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पाण्यात काही उणे आहे हे कळलेही नसते.

यावर जो उपाय योजण्यात आला तो मोठा कठोर होता. काही वेलवर्गीय वनस्पतींच्या मुळांतून मिळणारे रोटेनोन हे विष नदीत सोडायचे. आग्नेय आशिया आणि दक्षिण अमेरिका येथील वनवासी लोक याच मुळ्या ठेचून मासे धरीत आले आहेत. हे विष कल्ल्यांवाटे माशाच्या शरीरात जाते आणि पेशींचे श्वसन थांबवते. ते सोडण्यामागचा विचार असा की, कृमी माशावाचून फार दिवस जगू शकत नाही. तेव्हा नदीत मासाच उरू द्यायचा नाही. आश्रिताचा नाश करण्यासाठी पोशिंद्याचाच नाश करायचा. जनमेजयाच्या सर्पसत्रात एका तक्षकाच्या अपराधासाठी सारे सर्पकुळ अग्नीत पडत होते. येथे अपराध्याचे भक्ष्यच यज्ञात पडत होते.

पण या क्रौर्याला एक दुसरी बाजू होती. नॉर्वेने १९८६ पासून रानटी सामनाच्या बीजाची पेढी उभारायला आरंभ केला. नरांचे रेत गोठवून ठेवले. बाधित नद्यांचे वंश निराळ्या तळ्यांत जिवंत राखले. आणि नदी निर्दोष झाल्यावर त्याच वंशाची अंडी व पिल्ले तिच्यात परत सोडली. शतपथ ब्राह्मणातला मनू हात धुण्याच्या पाण्यात आलेला इवलासा मासा कुंभात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात. आणि पुढे प्रलयात तोच मासा मनूला तारतो. नॉर्वेच्या तळ्यांत या कथेचा पूर्वार्ध तेवढा घडत होता. मासा कुंभात होता. प्रलय मात्र माणसानेच ओतला होता.

लॅर्डाल नदीची हकिगत या संदर्भात लक्षणीय आहे. सोग्न फ्योर्डला मिळणाऱ्या या प्रसिद्ध नदीत १९९६ साली कृमी सापडला. १९९७ साली रोटेनोन सोडले. १९९९ मध्ये कृमी पुन्हा दिसला. एवढी मोठी आहुती वाया गेली. मग संशोधकांनी निराळी वाट धरली. आम्लयुक्त पाण्यातील अ‍ॅल्युमिनियम कृमीला ज्या प्रमाणात मारते त्या प्रमाणात मासा सहसा तगतो. २००५ आणि २००६ मध्ये अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचा उपचार झाला. २००७ मध्ये कृमी पुन्हा आढळला. २०११ आणि २०१२ मध्ये पुन्हा उपचार झाला. त्यानंतर पाच वर्षे पिल्ले तपासली गेली आणि २०१७ साली नदी निर्दोष ठरली. एकवीस वर्षांच्या या इतिहासात पहिला उपाय पोशिंद्याला मारणारा होता, नंतरचा त्याला राखून आश्रिताला मारणारा. नंतरचा अधिक नाजूक, अधिक कष्टाचा. आणि तोही पहिल्या वेळी फसला. तरीही रोटेनोन मागे पडले असे नव्हे. ड्रिवा नदीत २०१७ साली बांध घालून परतणाऱ्या सामनाची वरची वाट अडवण्यात आली, जेणेकरून विष सोडण्याचे अंतर कमी व्हावे. आणि २०२२ व २०२३ मध्ये तेथे रोटेनोनच वापरले गेले. कोणत्या नदीला कोणता उपाय, हे तिचे पात्र, तिचे उपप्रवाह आणि तिचे पाणी ठरवते. माणसाची दया एकटीने ठरवू शकत नाही.

या हकिगतीत कृमीला खलनायक ठरवणे सोपे आहे. बाल्टिकच्या नद्यांत तोच कृमी आपली पायरी ओळखून राहत होता. त्याचा स्वभाव पालटला नाही, पंगत पालटली. ज्यांनी पंगत पालटली त्यांच्याच पदरी पुढे विषाचे पिंप आणि बीजाचा कुंभ ही दोन्ही आली, आणि ती दोन्ही त्यांना एकाच हाताने वाहावी लागली. एखाद्या नदीच्या थंड पाण्यात पेढीतले अंडे वाळूगोट्यांत ठेवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असते. वर्षानुवर्षांनी मासा समुद्रातून परत येईल, तेव्हा त्या पाण्यात कधी काळी सगळेच मासे मारले गेले होते, याची खूण त्याच्या अंगावर नसेल. ती खूण जपण्याचे काम माणसाच्या स्मृतीवर सोपवलेले आहे.