सोंगणी, शाळा आणि मोझरीची फेरी
(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)

वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकहो,

पुण्या-मुंबईकडची मुले जूनच्या मध्यातच शाळेत जाऊ लागतात. आपल्या विदर्भात ऊन लवकर हटत नाही, म्हणून आपली शाळा मागून उघडते. २०२५ साली बाकीच्या महाराष्ट्रात १६ जूनला घंटा वाजली, आपल्याकडे २३ जूनला. आता गंमत अशी की पेरणीचे दिवसही हेच असतात. आपल्या नांदगाव पेठेत दप्तर आणि तिफन एकाच वेळी बाहेर निघतात. घरात पैसा एकच, आणि त्याला मागणारे दोघे : बियाण्याची थैली आणि वह्यांचा गठ्ठा.

आमच्या घरी पाच माणसे. बाबा, माय, आजी, मी आणि माझा लहान भाऊ. त्याला घरी सगळे लहान्या म्हणतात. बाबा-माय तसे तरुणच आहेत. बाबा एम.आय.डी.सी.त पाळीने कामाला जातात. दोन एकर कोरडवाहू वावर आहे, ते माय पाहते, आणि शिवाय दुसऱ्याच्या निंदणालाही जाते. लहान्या यंदा पहिलीत बसला.

पुस्तके आपल्याला शाळेतूनच फुकट मिळतात. ती छापणारी बालभारती १९६७ साली निघाली. आजीचा जन्मही त्याच सुमाराचा. पण तिच्या वाट्याला ती पुस्तके दोनच वर्षे आली. पुढे धाकट्या भावाला सांभाळायला तिला घरी बसवले. म्हणून लहान्याची नवी पुस्तके आली तेव्हा आजीने ती आधी हुंगली, मग पदराने पुसली आणि म्हणाली, "पोट्ट्या, पान फाडशीन तं पाय!"

पहिले चार दिवस लहान्या रडला. पाचव्या दिवशी खिचडीची दुसरी वाढ मिळाली आणि रडणे बंद झाले. मग श्रावण आला, पोळा आला. आमच्याकडे बैलजोडी नाही, पण तान्ह्या पोळ्याला लहान्याने लाकडाचा नंदी दोरीने ओढत साऱ्या गल्लीत फिरवला आणि बोजाऱ्याचे पैसे मोजत बसला. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसली. रोज संध्याकाळी एकीच्या अंगणात गाणी म्हणायची आणि डब्यातली खिरापत ओळखायची. इथपर्यंत सारे मजेत होते.

नवरात्रात सोयाबीन पिवळे पडले. हे पीक मोठे घाईचे असते. वाळल्यावर दिवस गेले की शेंगा तडकतात आणि दाणे वावरातच सांडतात. पावसाची झड लागली तर दाणा काळा पडतो. म्हणून सारे गाव एकदम सोंगणीला लागते आणि माणूस मिळत नाही. मायने तीन बायांसोबत गुत्ता घेतला. गुत्त्यात जितके हात जास्त तितके काम लवकर उरकते, आणि मग दुसरा गुत्ताही घेता येतो.

त्यातच बाबांच्या सोबत काम करणाऱ्यांनी चिखलदऱ्याला जायचे ठरवले. एक गाडी करायची आणि घरटी वर्गणी काढायची. आपल्या जिल्ह्यात राहून मी चिखलदरा पाहिलेला नाही. तिथला गाविलगड, भीमकुंड, थंडगार हवा आणि कॉफीची झाडे सारे पुस्तकातूनच माहीत. वर्गणी मात्र आमच्या हिशोबात बसत नव्हती. मीच म्हटले, "मी आठ दिवस मायसंग सोंगणीले जातो. माह्या हिश्श्यात वर्गणी निघते." मला खरेच जायचे होते. बाबाही क्षणभर विचारात पडले.

माय भाकर थापत होती. तिने मान वर न करताच सांगितले, "चिखलदरा कुठी पळून नाही चालला. सातवीचं वरीस पळून जाईन."

आजी काही बोलली नाही. बाबा मग हळूच म्हणाले, "म्या बी असाच आठ दिवसासाठी बसलो होतो. सातवीतच. मंग बसलोच." हे बाबांनी आम्हांला पूर्वी कधी सांगितले नव्हते. मी आजवर समजत होते की त्यांना शाळा आवडतच नसेल.

तेव्हा असे ठरले की सोंगणीत शाळा बुडवायची नाही. रविवारी मात्र आपल्या वावरात सगळ्यांनी राबायचे. चिखलदऱ्याची वर्गणी द्यायची नाही. त्याऐवजी एस.टी.ने गुरुकुंज मोझरीला जाऊन यायचे.

२०२५ साली दसरा २ ऑक्टोबरलाच आला. सोने वाटून झाले आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. आमचे वावर तोवर सोंगून झाले होते. मोझरी आपल्याच नागपूर रस्त्यावर, तिवस्याच्या अलीकडे आहे. एस.टी.त २०२३ सालापासून सर्व बायामुलींना अर्धे तिकीट आहे आणि लहान्याचेही अर्धेच. पूर्ण तिकीट एकट्या बाबांचे निघाले. आजी म्हणाली, "पाय बाप्पा, घरात सगळ्यात महाग तूच!" सारी गाडी हसली.

गुरुकुंज आश्रम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापन केला. महाराजांचा जन्म १९०९ सालचा, आपल्याच अमरावती तालुक्यातल्या यावलीचा. १९६८ साली ते गेले. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांच्या 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय आहेत. गाव कसे असावे, कसे स्वच्छ ठेवावे, कसे शिकवावे हे त्यात सांगितले आहे. समाधीपाशी आम्ही शांत बसलो. लहान्यासुद्धा बसला, हे विशेष. नंतर दास टेकडीवर गेलो. पाऊस उघडला होता, आभाळ निळे झाले होते आणि खाली वावरावावरांत सोयाबीनच्या गंज्या दिसत होत्या. तिथे सावलीत बसून भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी खाल्ली.

जेवताना बाबांनी एक गोष्ट सांगितली. अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे आणि नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे. गाडगेबाबांना तर शाळाच मिळाली नाही, आणि तुकडोजी महाराजांचेही शिक्षण थोडकेच झाले. लहान्याने लगेच विचारले, "मंग त्यायचं नाव एवढ्या मोठ्या शाळेले कायले देलं?"

आजी म्हणाली, "ज्याले पानी भेटत नाही ना, त्यालेच पान्याची किंमत समजते." मग तिने सांगितले की घरची भांडी मोडायची पाळी आली तरी चालेल, पण पोरांना शिकवा, असे गाडगेबाबा कीर्तनातून लोकांना सांगत. हे बोलताना आजी माझ्याकडे पाहत नव्हती, मायकडे पाहत होती.

मित्रांनो, खोटे कशाला सांगू? सोमवारी एका मैत्रिणीने चिखलदऱ्याचे फोटो दाखवले तेव्हा मला वाईट वाटले. दिवाळीला नवा कपडाही एकट्या लहान्यालाच झाला. पण सोंगणीच्या त्या दिवसांत वर्गात अपूर्णांक चालले होते, आणि पाच-सहा बाक रिकामे होते. संध्याकाळी भुलाबाईपाशी सोंगणीला गेलेल्या मुली यायच्या. त्यांच्या हाताला चिरा पडलेल्या असायच्या. गाणी झाली की त्या मला विचारायच्या, "आज काय शिकवलं वं?" मग आम्ही गुत्त्याचाच हिशोब मांडायचो. तीन एकरांचा गुत्ता चार बायांत वाटला तर एकीच्या वाट्याला किती? पाऊण एकर. अपूर्णांक त्यांना माझ्याहून लवकर समजला, कारण तो त्यांनी दिवसभर वाकून कापला होता.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. सोंगणी थांबत नाही हे आम्हांलाही कळते. घरचे काम आम्ही रविवारी करू, सकाळी करू. पण आठ दिवसांसाठी म्हणून पोराला, आणि विशेषकरून पोरीला, घरी बसवू नका. आठवीपर्यंतचे शिक्षण २००९ च्या कायद्याने प्रत्येक मुलाचा हक्क आहे. खेड्यातून दूरच्या शाळेत जाणाऱ्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एस.टी.चा पासही मोफत मिळतो. पैशाची अडचण असेल तर आधी गुरुजींना विचारा.

पुढच्या वर्षी मी आठवीत दुसऱ्या शाळेत जाईन. चिखलदरा कधी पाहीन ते माहीत नाही. पण सोंगणीच्या दिवसांत माझा बाक भरलेला राहील, असे मायने सांगून ठेवले आहे. एवढे लिहून माझा लेख पुरा करते.